अंधारात कोण होतं?

मैत्रिणींनो, घरातली वस्तू नाहीशी झाली की चोर कोण हे ठरवायला आपल्याला किती वेळ लागतो? मला विचाराल तर चहाला उकळी येईपर्यंतचा. २०२४ च्या डिसेंबरात मी तेवढ्याच वेळात एका तेरा वर्षांच्या मुलाला चोर ठरवून मोकळी झाले. त्याचीच ही हकिकत. सांगताना लाज वाटते आहे, पण न सांगता राहवतही नाही.

आम्ही राहतो हिंगोलीत. हे नोकरीत, आणि मी घर सांभाळून एका शाळेत तासिकेवर मराठी शिकवते. सासरची शेती सेनगाव तालुक्यात. सासू-सासरे गावात असतात आणि शेतातल्या आखाड्यावर सालगडी, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं. सासूबाईंनी हौसेने पाळलेल्या पंधरा गावरान कोंबड्याही तिथेच. दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि कोंबड्या कमी होऊ लागल्या. आठवड्याला एक, कधी दोन. कुत्रं भुंकत नव्हतं, आरडाओरडा नाही, सकाळी मोजाव्यात तर एक कमी.

"हे माणसाचंच काम," सासूबाई म्हणाल्या. "जनावर असतं तर कुत्र्यानं आकांत केला असता. घरचंच माणूस असलं की कुत्रं गप बसतं."

आणि मी, बी. ए. झालेली, वर्गात मुलांना 'शहानिशा' या शब्दाचा अर्थ सांगणारी बाई, काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, "आत्याबाई, परवा गड्याच्या थोरल्याच्या पायात नवेकोरे गमबूट पाहिले मी. कुठून आले असतील पैसे?"

झालं! एवढं वाक्य पुरलं. सासूबाईंनी चहा गाळता गाळता मान डोलावली, आणि त्या पोराचं नाव पक्कं झालं. त्याला कुणी काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून तो ओसरीवर आला की सासूबाई उठून आत जात आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेत. पोरं काय, त्यांना सगळं कळतं. तो यायचाच बंद झाला.

त्याच सुमारास आमचे धाकटे भाऊजी सुटीवर घरी आले. ते नांदेडला प्राणिशास्त्र शिकतात. येताना एका मित्राकडून डब्यासारखा एक कॅमेरा घेऊन आले. जंगलात झाडाला बांधून ठेवतात ना, तो. 'कॅमेरा ट्रॅप' म्हणतात त्याला. कोंबड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात होता वाघ.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीच्या माळावर कुठला वाघ? पण आमच्याकडे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये नव्या मुलखाच्या शोधात निघाला. शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याची वाट कळली. नांदेड, तेलंगणातलं आदिलाबाद, मग आपलं हिंगोली, वाशिम, अकोला असं करत तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे नऊ महिन्यांत तो ३,००० किलोमीटरहून जास्त चालला. या सगळ्या वाटेत माणसांशी त्याची झटापट झाली ती एकदाच, आणि ती आमच्याच जिल्ह्यात. वाघ झुडपात विसावलेला असताना माणसं घोळक्याने त्या झुडपात शिरली आणि त्यात एक जण जखमी झाला. त्या नोव्हेंबरात आमच्याकडे बायकांनी कापूस वेचायला जाणं बंद केलं होतं. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा बातमी आली की धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ दिसला, आणि तोही टिपेश्वरचाच. म्हणजे निम्मा मराठवाडा चालून गेला आणि कुणाला पत्ता नाही!

तो टिपेश्वरचा हे कसं कळलं, असं मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कुणासारखे नसतात ना, तसे वाघाचे पट्टे. आधीचा फोटो असला की पट्टे जुळवून बघायचे." डाव्या आणि उजव्या अंगाचे पट्टेही वेगवेगळे असतात, म्हणून वाघ मोजताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. देशात २०२२ साली झालेल्या व्याघ्रगणनेत अशा ३२,५८८ जागी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी ४ कोटी ७० लाखांहून जास्त फोटो टिपले. त्यात वाघाचे निघाले ९७,३९९. बाकी सगळी इतर जनावरं, गुरं, माणसं आणि हलणारं गवत!

ही युक्ती तशी जुनी आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे इंग्रज वनाधिकारी कुमाऊंच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की दिव्याचा झोत पडे आणि फोटो निघे. त्यांचे हे फोटो १९२५ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आले. आताच्या डब्याला तार लागत नाही. अंगाची ऊब आणि हालचाल दोन्ही एकदम जाणवली की तो फोटो काढतो. रात्री डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकतो, त्यामुळे जनावर बुजत नाही आणि फोटो काळा-पांढरा येतो. हिवाळ्याची रात्र याला फार चांगली. भोवतालची माती, झाडं गार असतात, त्यात जनावराचं ऊबदार अंग डब्याला लगेच ओळखू येतं. उन्हाळ्यात जमीनच तापलेली असली की तो गोंधळतो.

आम्हाला हे सगळं चुका करूनच समजलं. विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, आमच्याच बांधावरच्या बाभळीला भाऊजींनी कॅमेरा बांधला. वनखात्याच्या जमिनीवर असा कॅमेरा परवानगीशिवाय लावता येत नाही, हे ध्यानात ठेवा. तिथून कोंबड्यांचं खुराडंही दिसत होतं. चार दिवसांनी कार्ड काढून पाहिलं तर नऊशे फोटो! आम्ही सगळे हरखून बसलो. पाहतो तो आठशे सत्तर फोटो तुरीच्या फांद्यांचे, वाऱ्यावर डोलताना. राहिलेल्यांत निम्मे आमच्या कुत्र्याचे आणि एक सासूबाईंच्या पदराचा. शिवाय तोंड उगवतीकडे केल्यामुळे सकाळचे सगळे फोटो पांढरेफटक, आणि पहाटेचे दवाने धुरकट. मग समोरच्या फांद्या छाटल्या, कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेकडे फिरवलं, गुडघ्याइतक्या उंचीवर तो पुन्हा बांधला आणि काच सुती फडक्याने पुसली.

दुसऱ्या खेपेला मात्र रात्र उलगडली. मैत्रिणींनो, ज्या वाटेने आपण दिवसा डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन जातो, त्या वाटेवर रात्री किती जणांची ये-जा असते! ससे होते. काटे फिसकारून चाललेलं साळिंदर होतं. हरभऱ्याचा फडशा पाडायला निघालेली रानडुकरं, पिलांसकट रांगेत. झुपकेदार शेपटीचं एक खोकड तर थेट कॅमेऱ्यात डोकावून गेलं. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या अकोल्याच्या शेतशिवारात असेच कॅमेरे लावून अभ्यास झाला होता आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या बागायती भागात दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. माणसं आपली नांगरत, पाणी देत होती आणि शेजार कोणाचा हे त्यांना दिसतही नव्हतं. आमच्या कार्डात वाघ नव्हता. भाऊजी जरा हिरमुसले.

आणि मग तो फोटो आला. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. लांब पायांचं, आखूड शेपटीचं मांजर, शेपटीच्या टोकाला काळी वळी, आणि तोंडात कोंबडी. रानमांजर! खुराड्याच्या खालच्या फळीतून ते शिरत होतं. दोन रात्रींनी पुन्हा तेच. सासूबाईंनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. "मांजर गं बाई," एवढंच म्हणाल्या.

मी काही बोलणार तोच भाऊजींनी पुढचा फोटो लावला, आणि माझे शब्द घशातच राहिले.

रात्रीचे दोन वाजून वीस मिनिटं. वाटेवर गड्याची बायको. डोक्याला शाल गुंडाळलेली, एका हातात विजेरी, खांद्यावर फावडं, पाय अनवाणी. तिच्यामागे तिचा थोरला. त्याच्या पायात ते गमबूट.

एक नाही, असे सात फोटो होते, सात रात्रींचे. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीच्या पाळीला होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीच मोटर चालू करून दारं धरावी लागत. ते काम गडी करतो अशी आमची समजूत. तो पंधरा दिवसांपूर्वी पाय मुरगळून बाजेवर पडला होता, आणि हे आम्हाला कळू नये म्हणून दोघांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. सांगितलं तर आम्ही साल मोडू, घेतलेली उचल परत मागू ही भीती! रानडुकरं, साप, वर वाघाच्या वावड्या, आणि ही बाई पोराला घेऊन थंडीत चिखल तुडवत होती. घरात बुटांचा एकच जोड घेण्याइतके पैसे होते. तो तिने पोराच्या पायात घातला. आणि मी त्या बुटांवरून काय बोलले होते!

दुसऱ्या दिवशी मी एकटीच आखाड्यावर गेले आणि तिला फोटो दाखवले. मांजर पाहून ती हसली. स्वतःला पाहिलं आणि तिने पटकन पदर ओढून घेतला. "ताई, हे रोजच फोटू काढत होतं का?" तिने हळूच विचारलं. "सकाळचंसुदिक?"

ती काय विचारते आहे ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे अंधारात बाईमाणूस त्या वाटेने कशाला जातं? आमच्यापैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या जंगलात केलेला एक अभ्यास २०२४ साली केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधकाने प्रसिद्ध केला. जनावरांसाठी लावलेल्या तिथल्या कॅमेऱ्यात रानात गेलेल्या एका बाईचा नको तसा फोटो आला आणि तो गावात फिरवला गेला. सरपणाला जाणाऱ्या बायका पूर्वी मोठ्याने गाणी म्हणत, त्याने जनावरंही दूर राहत. आपल्यावर डोळा आहे हे कळल्यावर त्या गप्प झाल्या. वाघ पाहण्याच्या नादात कॅमेरा कुणावर रोखला जातो, हा विचार बाईनेच करायला हवा, नाही का?

मी तिच्यासमोरच तिचे सगळे फोटो पुसून टाकले. आता कॅमेरा लावायचा असला की आधी आखाड्यावर विचारून जागा ठरते आणि आपल्या वाटेवर तो लावायचा नाही हे ठरलेलं आहे. खुराड्याला खालून फळी आणि बारीक जाळी ठोकली. पडलेली खरकटी संध्याकाळीच उचलायची. त्यानंतर एकही कोंबडी गेली नाही. रात्रीच्या पाळीला दोन मोठी माणसं, पायात बूट, हातात काठी आणि चांगली विजेरी, आणि चालताना मोठ्याने बोलत जायचं, हे मामंजींनीच ठरवून दिलं. गड्याचा पाय बरा होईपर्यंत एक पाळी ह्यांनी आणि एक भाऊजींनी धरली. साल मोडण्याचा विषयही कुणी काढला नाही. सासूबाईंनी बुटांचा दुसरा जोड आणवला आणि तिच्या हातात देताना नुसतं म्हणाल्या, "घाल, थंडी हाय."

मुलगा पुन्हा ओसरीवर येऊ लागला आहे. नुसत्या शेपटीवरून तो आता खोकड की कोल्हा ते सांगतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी ते फोटो पाहिले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बाई, यात वाघ कुठंय?" वाघ नाही म्हटल्यावर त्यांची निराशाच झाली. मला मात्र त्या कार्डात जे दिसलं तेच अजून पुरतं आहे.

एक गोष्ट राहिली. चोर म्हणून मी त्याचं नाव घेतलं होतं, हे त्या मुलाला मी अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी शेतावर जाताना ठरवते, आणि तो "ताई, आज कार्ड काढायचं का?" म्हणत धावत आला की माझा धीर सुटतो. आधी तुम्हाला सांगून पाहिलं. येत्या रविवारी त्याला सांगेन म्हणते.