पुन्हा जपानला : एका शेजारधर्माची गोष्ट

ऑक्टोबर 2024 मधील एका सकाळी आम्ही उभयता ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावर उतरलो. समुद्रात भराव घालून तयार केलेल्या बेटावर हा विमानतळ आहे. येथून आम्ही 2005 साली सांगलीला परतलो होतो, तेव्हा बरोबर सात वर्षांची मुलगी होती. आता ती तिच्या संसारात आहे, आणि आमच्या सामानात तिने ओबासानसाठी दिलेली इरकली साडी होती. त्याच पिशवीच्या तळाशी मखमली डबीत मोत्यांचा एक सर होता. तो मी 19 वर्षांत एकदाही गळ्यात घातला नव्हता, आणि ते ओबासानना सांगितलेही नव्हते. या प्रवासाचे खरे कारण तेच होते.

ओबासान म्हणजे जपानीत मावशी किंवा काकू. कोबेतील आमच्या शेजारीणबाईंना मुलगी तसे म्हणे, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो.

आमच्या घरी सराफी पेढी आहे. मोत्यांची पारख शिकावी म्हणून मामंजींनी 2003 साली यांना कोबेस एका नातलगांच्या कार्यालयात पाठविले, आणि मुलीसह मीही गेले. उत्तरेस रोक्को पर्वताची रांग, दक्षिणेस बंदर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले हे शहर मोत्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे. डोंगराकडून येणारा उत्तरेचा स्थिर प्रकाश मोत्यांची प्रतवारी करण्यास उत्तम, असे तेथील व्यापारी सांगतात. भारतीयांचे नाते तर त्याहून जुने. 1923 च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथील अनेक भारतीय व्यापारी कोबेस आले. पुढे हिरे-मोत्यांच्या व्यवसायातील जैन कुटुंबे येथे स्थिरावली आणि 1985 साली कितानो भागात भगवान महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर उभे राहिले. त्या चढणीच्या वस्तीत थोड्या अंतरात मशीद, चर्च आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळही आहे. आम्ही दिगंबर, मंदिर श्वेतांबर. पण परदेशात गाभाऱ्यासमोर हात जोडताना हा भेद मनात आला नाही. मुलगी जीवविचाराचे पहिले धडे तेथेच शिकली.

ओबासान आमच्या भिंतीला लागून राहत. त्यांचे पहिले घर 17 जानेवारी 1995 च्या पहाटेच्या भूकंपात पडले होते. त्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. नव्या इमारतीत अनोळखी शेजाऱ्यांमध्ये राहावे लागले, तेव्हा शेजार धरून ठेवावा लागतो हे कळले, असे त्या सांगत. पहिल्याच आठवड्यात त्या शिजवलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी घेऊन आल्या. चव गोडसर, सौम्य. मी आवडीने खाल्ल्या. तिसऱ्या वेळी कृती विचारली, तेव्हा त्यांनी उत्साहाने आपल्या स्वयंपाकघरातील पुडी दाखविली. तीवर माशाचे चित्र होते.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' हे पाणी. ते बहुधा वाळवलेल्या माशाच्या कापांपासून करतात. रस्सा, भाजी, शेवया, सर्वांत ते असते, आणि दिसत नसल्याने विचारणाऱ्यालाही "यात मासा नाही" असे प्रामाणिकपणे सांगितले जाते. जपानला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक कुटुंबाने हा शब्द पाठ करून जावे. मला त्या दिवशी तो ठाऊक नव्हता. मी घरी येऊन रडले, दोन दिवस उपवास केला, आणि दार वाजले तरी उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी ओबासान यांच्याशी बोलल्या आणि सारे समजून घेतले. त्यांना वाटले, बौद्ध भिक्षूंचा शाकाहार आमच्यासारखाच असेल. त्यांच्या मठांतील 'शोजिन' स्वयंपाकात कांदा-लसूणही वर्ज्य असतात. पण त्या पद्धतीची दाशी समुद्री शेवाळाची किंवा अळंबीची. शेवाळ अनंतकाय आणि अळंबी अभक्ष्य, त्यामुळे आम्हाला दोन्ही चालेनात. कंदमूळही नको, आणि सूर्यास्तानंतर काहीच नको. हिवाळ्यात कोबेत पाचच्या आत सूर्य मावळतो. एवढी नियमावली ऐकून कुणीही हात टेकले असते. ओबासाननी ती कागदावर लिहून शीतकपाटावर चिकटविली. मग भाजलेले सोयाबीन आणि 'कान्प्यो', म्हणजे भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या, यांची दाशी करून पाहिली. त्यासाठी एक नवे पातेले आणले आणि त्याच्या कानाला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकून दुसऱ्या कशाला वापरले जाऊ नये.

पुढची दोन वर्षे त्या पातेल्यातले आम्ही निःशंक मनाने जेवलो.

ओबासानचे माहेर शिमा द्वीपकल्पातील आगो उपसागराच्या काठी. त्यांचे धाकटे बंधू तेथे मोत्यांची शेती करीत. याच भागात, जवळच्या तोबा येथे, मिकिमोतो कोकिची यांनी 1893 साली शिंपल्यात पहिला अर्धगोल मोती वाढवून दाखविला होता. यांच्या शिक्षणाचा भाग म्हणून डिसेंबर 2004 मध्ये आम्ही सर्वजण तेथे गेलो. शांत पाण्यावर लाकडी तराफे, त्यांखाली जाळ्यांत टांगलेले अकोया शिंपले. जिवंत शिंपला किंचित उघडून त्यात शिंपल्याच्या कवचाचा घडविलेला मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा तुकडा बसवितात; त्याभोवती एक-दोन वर्षांत चकाकीचे थर चढतात. हिवाळ्यात पाणी गार झाले की चकाकी घट्ट होते, म्हणून काढणी तेव्हा. बंधूंनी सुरीने शिंपला उघडला. आतला ओला जीव आकसला. त्यातून त्यांनी बोटाने एक गुलाबी झाकेचा मोती बाहेर काढला आणि माझ्या मुलीच्या तळहातावर ठेवला.

तिने तो पाहिला आणि मला मराठीत विचारले, "आई, शिंपला द्वींद्रिय ना?"

पाठशाळेत तेच शिकवितात : शंख, शिंपले हे स्पर्श आणि रसना असलेले द्वींद्रिय जीव. लहानपणी मीही ते पाठ केले होते. पण शिंपला आणि आमच्या पेढीच्या काचेमागचा तन्मणी यांची गाठ मनात कधी पडलीच नव्हती. भोपळ्याच्या फोडीत न दिसणारा मासा होता म्हणून मी दोन दिवस अन्न वर्ज्य केले होते, आणि ज्या घरातून ती फोड आली, त्याच घरच्या व्यवसायाचा मोती विकत घेण्यासाठी आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो. मी मुलीला "हो" एवढेच म्हणाले.

परत निघताना ओबासाननी भावाच्या शेतीतील मोत्यांचा सर माझ्या गळ्यात घातला. नाकारण्याचे धैर्य मला झाले नाही.

सांगलीला आल्यावर मी यांच्याजवळ विषय काढला. पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य सांगितले आहे. हस्तिदंत चालत नाही तर मोती कसा चालतो, एवढाच माझा प्रश्न होता. मामंजी म्हणाले, "लग्नाची नथ मागायला आलेले गिऱ्हाईक परत पाठवायचे का? नथ, तन्मणी, चिंचपेटी ठेवणार नाही ती पेढी सराफाची म्हणायची का?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शिल्लक माल संपेपर्यंत तीन वर्षे गेली, आणि नवा माल भरला नाही. काही घरांची पिढीजात गिऱ्हाइकी तुटली, ती आजतागायत परत आली नाही. सोन्याचे मणी ओवलेली नथ आम्ही करू लागलो. ती काहींना आवडली, बहुतेकांना नाही. ज्या शिक्षणासाठी यांनी दोन वर्षे दिली, ते तसेच राहिले. हा आमच्या घरापुरता निर्णय आहे. मोत्यांच्या व्यापारात आपले अनेक धर्मनिष्ठ बांधव आहेत आणि त्यांना काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

पण ओबासानना मी हे कसे कळविणार? ज्यांनी आमच्या व्रतासाठी पातेले वेगळे ठेवले, त्यांच्या माहेरच्या भाकरीला आम्ही हिंसा म्हणतो, असे कोणत्या शब्दांत लिहायचे? दर नववर्षाला पत्र जाई, येई. त्यात मी हवामान लिही.

या वेळी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्या "ओकाएरी" म्हणाल्या. घरचे माणूस बाहेरून आले की जपानी लोक हा शब्द म्हणतात. वय आता अठ्ठ्याहत्तर, कंबर वाकलेली. चुलीवर दाशी उकळत होती. पातेल्याच्या कानाला लाल दोरा होता. तो अर्थातच नवा होता. घड्याळाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "पाच वीसला सूर्यास्त. आधी जेवा."

त्या रात्री माझ्याने बोलणे झाले नाही. दोन दिवसांनी आम्ही तिघे रेल्वेने शिमाला निघालो. वाटेत इसे येथे उतरलो. तेथील प्रसिद्ध शिंतो देवस्थान दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हुबेहूब नव्याने बांधतात. 2004 साली आम्ही पाहिले ते मंदिर आता नव्हते. त्याची जागा रिकामी होती, आणि 2013 साली बांधलेले मंदिर शेजारी उभे होते. पुढचे 2033 साली. ओबासान म्हणाल्या, "तेव्हा मी नसेन. तुम्ही या."

शेवटचे स्थानक काशिकोजिमा. बंधू न्यायला आले होते. उपसागर तसाच, पण तराफे निम्म्याहून कमी. 2019 च्या उन्हाळ्यात तेथे कोवळे शिंपले मोठ्या संख्येने मेले, त्यानंतर अनेकांनी काम सोडले. बंधूंचा मुलगा नागोयात नोकरी करतो. ते आम्हाला एका बागेत घेऊन गेले. तेथे शिंपल्यांसाठी उभारलेले स्मारक आहे. दरवर्षी ऑक्टोबरात मोती-व्यावसायिक जमून प्राण दिलेल्या शिंपल्यांसाठी विधी करतात. बंधूंनी हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

क्षमा मागून पुन्हा तेच कर्म करणे आपल्या धर्मात पुरेसे नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या पेढीत एवढे मोती विकले गेले, तेव्हा त्या जीवांची क्षमा मागावी हे आमच्या कुणाच्या मनातही आले नव्हते. क्षमावाणीला आम्ही गावभर हात जोडत फिरत होतो.

त्या दगडासमोर मी डबी काढली आणि माझ्या मोडक्या जपानीत सारे सांगितले. जेथे शब्द अडले तेथे यांनी पुरविले. सर कधी घातला नाही, पेढीतून मोती काढले, आणि हे 19 वर्षे लपविले, याची क्षमा मागितली. बंधू समुद्राकडे पाहत राहिले. ओबासाननी डबी हातात घेतली, उघडली, एक-एक मोती बोटाने चाचपला. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"डबी बंदच ठेवलीस?" त्या म्हणाल्या. "मोती बंद ठेवला की कोरडा पडतो. घालू नकोस, पण वर्षातून एकदा बाहेर काढ आणि मऊ कापडाने पूस. नाही तर ते शिंपले फुकट गेले."

मी डबी त्यांच्या हातात ठेवू पाहिली. त्यांनी ती माझ्या पिशवीत परत टाकली आणि म्हणाल्या, "दिलेले परत घेत नाहीत. चल, सूर्य खाली आला, तुला जेवायचे आहे."

बंधू मात्र त्या संध्याकाळी फारसे बोलले नाहीत. ते दुखावले गेले असावेत. निरोप देताना त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला. तेवढे आमच्यात राहिले, आणि ते राहणे मला योग्य वाटते. खरे सांगितल्याची काही किंमत समोरच्यालाही द्यावी लागते.

यंदाच्या क्षमावाणीला पूजा आटोपल्यावर मी डबी उघडली आणि तलम मलमलीने सर पुसला. नातीने विचारले, "आजी, तू हा घालत का नाहीस?" मी तिला जवळ बसविले आणि शिंपल्याला किती इंद्रिये असतात, तेथून सुरुवात केली.