अंदमानचा बेत

ओमती, जबलपूर

चि. माधव,

तुझे पत्र व त्यासोबतचा प्रवासाचा तक्ता पोचला. स्वराज द्वीपावरच्या (म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरच्या) रिसॉर्टांत, जेथे सकाळची न्याहारी आणि संध्याकाळचा सूर्यास्त दोन्ही एकाच पावतीत मिळतात, तेथे सुट्टी न घालवता लाँग आयलंड, रंगत, मायाबंदर व डिगलीपूर असा उत्तरेकडचा अंदमान पाहावा, हा तुम्हा तिघा मित्रांचा विचार मला मनापासून पसंत आहे. तक्ता मात्र पसंत नाही, आणि तो का पसंत नाही हे सविस्तर कळवणे, निवृत्तीनंतर तुझ्या काकूसह त्या बाजूस हिंडून आलेला माणूस म्हणून, मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप असा की, तुझ्या तक्त्यात एकही दिवस रिकामा नाही. त्या द्वीपांवर वेळापत्रक ठरवतो तो समुद्र, आणि सरकारी बोटीच्या तिकिटाच्या खिडकीमागे बसलेला कारकून केवळ त्याचा हुकूम आपल्याला वाचून दाखवतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या मध्यास तेथे उतरतो तो सप्टेंबरपर्यंत मुक्काम करतो, आणि तो सरतो न सरतो तोच ईशान्येकडचा पाऊस व त्याच्या मागोमाग बंगालच्या उपसागरातली वादळे हजर होतात. डिसेंबर 2016 मध्ये अशाच वादळी हवेत हॅवलॉक व नील या द्वीपांवर शेकडो प्रवासी अडकून पडले आणि त्यांना सोडवून आणण्यासाठी अखेर नौदलाची जहाजे धाडावी लागली. ती द्वीपे तर राजधानी पोर्ट ब्लेअरपासून काही तासांच्याच अंतरावरची व हॉटेलांनी गजबजलेली, मग तुम्ही जाऊ म्हणता त्या एकाकी किनाऱ्यांची कथा काय सांगावी? पावसाळ्यात भेडाघाटच्या नावा बंद असतात आणि नर्मदेचे पाणी उतरेपर्यंत कितीही पैसे दाखवले तरी नावाडी वल्ह्याला हात लावत नाही, हे लहानपणी सुट्टीत येथे येत असताना तू पाहिलेले आहेस; अंदमानचा बेत त्या नावाड्याच्या बुद्धीने करावा. डिसेंबरचा हट्ट सोडून फेब्रुवारी धर, आणि दर तीन दिवसांमागे एक दिवस कोरा ठेव. बोट निघाली तर तो दिवस पुळणीवर खर्ची पडेल, न निघाली तर तोच तुमची अब्रू राखील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पोर्ट ब्लेअरहून (सरकारी दफ्तरात ते 2024 पासून श्री विजयपुरम् झाले आहे) मोटारीने बाराटांगला जाऊन चिखलाचा ज्वालामुखी व चुनखडीची गुहा पाहायची, आणि 'वाटेत जारवा दिसण्याची शक्यता', असे तू तक्त्यात लिहिले आहेस. ती ओळ खोडून टाक. अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो; जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या थांबवून त्यांचा तांडा करून सोडतात, मध्ये उतरण्यास व छायाचित्र घेण्यास सक्त मनाई असते, आणि 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने अरण्यातील हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिलेला असूनही वाहतूक चालूच राहिली. मनाई कशासाठी, हे इतिहासाने स्पष्ट करून ठेवले आहे. इंग्रजांनी 1858 मध्ये तेथे बंदिवानांची वसाहत केली तेव्हा ग्रेट अंदमानी लोक हजारोंच्या संख्येने होते. बाहेरच्या माणसांबरोबर आलेल्या रोगराईने ते इतके खचले की, आज त्यांची वस्ती पन्नासेक माणसांवर येऊन ठेपली आहे. जारवा लोक 1997-98 च्या सुमारास अरण्याबाहेर येऊ लागले आणि 1999 मध्येच त्यांच्यात गोवराची साथ पसरली. ज्यांच्या शरीरास आपल्या सर्दी-पडशाचीही सवय नाही, त्यांना मोटारीच्या काचेतून न्याहाळणे यास मी साहस म्हणत नाही. उत्तर सेंटिनेल द्वीपाच्या भोवती तर पाच सागरी मैलांपर्यंत जाण्यास बंदी आहे. ती मोडून 2018 मध्ये एक अमेरिकन तरुण तेथे उतरला आणि प्राणास मुकला. निकोबारही, 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमांमुळे, तुम्हा-आम्हा पर्यटकांस मोकळे नाही, तेव्हा तेथल्या परवान्यासाठी खटपट करणेही सोडून दे.

मग रंगतला जायचे कसे, असे विचारशील. त्यासाठी समुद्र आहे. पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप व लाँग आयलंड करीत रंगतला जाणारी सरकारी बोट आहे. तिचे वार आधी कळत नाहीत आणि तिकिटासाठी रांगेत उभे राहावे लागते, परंतु तिच्यावर तुम्हांला मासळीच्या टोपल्या, सिमेंटच्या गोण्या, शाळेच्या सुट्टीत घरी निघालेली मुले आणि दवाखान्यातून परतणाऱ्या म्हाताऱ्या भेटतील. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेले निर्वासित, अरण्याच्या कामासाठी छोटा नागपुरातून आणलेले 'रांचीवाले', 1925 मध्ये ब्रह्मदेशातून येऊन मायाबंदरच्या बाजूस वसलेले करेन आणि जुन्या बंदिवानांचे वंशज हे सगळे तेथे एकमेकांशी हिंदीत बोलतात. तुझ्या पुणेरी हिंदीला आमची जबलपुरी थोडी लावून घेतलीस तर चहाच्या टपरीवर तुझे काही अडणार नाही.

डिगलीपूरला मात्र निवांत राहा. जवळच्या कालीपूरच्या पुळणीवर चार जातींची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. कोकणात वेळासला तू ऑलिव्ह रिडलेची पिल्ले लाटेत शिरताना पाहिलीस, ती दिवसाउजेडी. येथे रात्री अंधारात बसून मादीची वाट पाहावी लागते. ती भरतीच्या रेषेवर येऊन मागच्या वल्ह्यांनी वाळू उपसते, एक वल्हे खाली जाऊन ओंजळभर वाळू वर आणते, तोवर दुसरे स्वस्थ असते. मग खळग्यात शंभराच्या आसपास पांढरी, लिबलिबीत अंडी टाकून, वाळू अंगाने दाबून ती परत फिरते. विजेरीचा झोत पडला तर अंडी न घालताच ती माघारी जाते, म्हणून वनखात्याचा माणूस सांगेल तेथेच बसा.

सॅडल पीक हे अंदमानातले सर्वोच्च शिखर अवघे 732 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून तुम्ही सह्याद्रीत फिरणारी मुले त्यास हसाल. पण कळसूबाईची वाट पठारावरच्या गावातून सुरू होते, तर हे शिखर समुद्राच्या पाण्यापासून चढायचे असते. लामिया बेच्या नाक्यावर नाव नोंदवून आत शिरले की, वाट आधी किनाऱ्याने, दगडगोट्यांवरून व ओहळांतून जाते, मग दाट सदाहरित अरण्यात शिरून मुळे धरून चढू लागते, आणि हवा इतकी दमट की अंगातला सदरा शेवटपर्यंत वाळत नाही. शिवाय घड्याळ आपलेच असले तरी सूर्य पूर्वेचा आहे. हिवाळ्यात पाचच्या सुमारास तो मावळतो. पहाटे निघा आणि दुपारी, शिखर हाती लागो न लागो, माघारी फिरा.

किरकोळ तजवीज थोडक्यात लिहितो. खाडीच्या मुखाशी व खारफुटीत मगरी असतात. 2010 मध्ये हॅवलॉकसारख्या राबत्याच्या द्वीपावरही एका पर्यटक युवतीचा मगरीने बळी घेतला, तेव्हा जेथे स्थानिक कोळी उतरत नाहीत तेथे पोहू नये. वाळूतल्या बारीक माश्या चावल्या तर खाज बरेच दिवस जात नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे व खोबरेल जवळ असू दे. रोख पैसे राजधानीतच काढून घ्या. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा खिशात घालू नका. तो गुन्हा आहे.

पोर्ट ब्लेअरला एक दिवस सेल्युलर जेलसाठी ठेवच. सावरकर 4 जुलै 1911 रोजी तेथे पोचले आणि 1921 पर्यंत तेथे होते, हे तुला सांगायला नको. पण आमच्या जबलपूरचाही त्या भूमीशी संबंध आहे. सुभाषबाबूंना येथल्या ज्या कारागृहात डांबले होते त्यास आज त्यांचेच नाव आहे, येथून जवळच त्रिपुरीस 1939 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून तापाने फणफणत आले, आणि 30 डिसेंबर 1943 रोजी त्यांनीच पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला. अंदमान-निकोबारांना त्यांनी दिलेली शहीद व स्वराज ही नावे 2018 मध्ये नील आणि हॅवलॉक यांना मिळाली. रॉस आयलंडलाही तेव्हाच नेताजींचे नाव दिले गेले. मात्र डिगलीपूरजवळचे, ओहोटीला वाळूच्या पट्टीने स्मिथला जोडले जाणारे रॉस वेगळे, त्याचा घोटाळा करू नकोस.

जाताना एका बाजूने तरी जहाजाने जा. कोलकात्याहून सुमारे तीन दिवस लागतात. तारखा थोडेच दिवस आधी जाहीर होतात, तोही रिकाम्या दिवसांचा एक उपयोग. शक्तिपुंज एक्स्प्रेस येथूनच हावड्यास सुटते. तेव्हा तक्ता नव्याने मांड, बाराटांगची ओळ काढ, कोरे दिवस घाल, आणि निघण्यापूर्वी तिघेही दोन दिवस ओमतीस उतरा. तुझ्या काकूने खोलीची तरतूद करून ठेवली आहे. वडीलधाऱ्यांस नमस्कार. उत्तर लवकर लिही.

तुझा,
काका