चाकांवरचे बिऱ्हाड

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, शिकागोच्या पूर्वेस सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर एल्कहार्ट नावाचे गाव आहे. एल्कहार्ट आणि सेंट जोसेफ या दोन नद्यांचा संगम गावातच होतो. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाच्या कानावर नसते. परंतु मोटारीमागे जोडून नेण्याची जी फिरती घरे अमेरिकेत सर्वत्र दिसतात, त्यांतील बहुसंख्य याच गावात आणि आसपासच्या परिसरात तयार होतात. त्यांना तेथे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. गावातील संग्रहालयात १९१३ सालचा असा एक ट्रेलर जतन करून ठेवला आहे. मौजेची गोष्ट ही, की या कारखान्यांतील कारागिरांत आमिश पंथाचे लोक पुष्कळ आहेत. स्वतः मोटार न बाळगणारी, घोड्याच्या बग्गीतून ये-जा करणारी ही माणसे इतरांच्या मोटारींसाठी घरे बांधतात!

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयता त्या भागात भाच्याकडे मुक्कामाला होतो. त्याने जुना ट्रेलर विकत घेतला होता आणि आम्हांला मिशिगन सरोवराच्या काठी, इंडियाना ड्यून्स या राष्ट्रीय उद्यानात नेण्याचा त्याचा बेत होता. अंतर जेमतेम शंभर किलोमीटरचे. परंतु तयारी तीन दिवस चालली होती.

प्रथम तो शिडी लावून छपरावर चढला. छपरावर रबरी आवरण असते आणि झरोक्यांच्या कडांना सीलंट भरलेले असते. उन्हाने व हिमाने त्याला बारीक तडे जातात. तड्यातून झिरपलेले पाणी भिंतीतील लाकूड आतल्या आत कुजवते आणि बाहेर डाग दिसेपर्यंत घर खिळखिळे झालेले असते. म्हणून वर्षातून निदान दोनदा छप्पर तपासावे आणि तडा दिसताच तो बुजवावा, असा तेथील शहाण्या मालकांचा शिरस्ता आहे.

मग पाण्याची पाळी. हिवाळ्यात नळ्यांत पाणी राहिले तर ते गोठून नळ्या फुटतात. म्हणून थंडीपूर्वी सारे पाणी काढून टाकून नळ्यांत गुलाबी रंगाचे, बिनविषारी गोठणरोधक द्रव्य भरतात. वसंतात ते धुऊन काढायचे. मग टाकीतील दर साठ लिटर पाण्यास सुमारे साठ मिलिलिटर साधे ब्लीच घालून ते नळ्यांतून फिरवायचे, काही तास राहू द्यायचे आणि वास जाईपर्यंत टाकी पुन्हा पुन्हा विसळायची. गॅसच्या नळीच्या सांध्यांवर त्याने साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले तर गळती समजावी. हा गॅस हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून त्याची धोक्याची घंटाही खाली, जमिनीजवळच बसवलेली असते.

अखेरीस चाके. आमची सौंदत्तीच्या यात्रेला बैलगाडीने निघणारी मंडळी आसाला वंगण दिल्यावाचून गाव सोडत नसत. येथेही वर्षातून एकदा बेअरिंगे उघडून, पुसून त्यांत नवे ग्रीस भरतात. टायरांची नक्षी चांगली खोल दिसत होती. निघायला एकच दिवस उरला होता आणि भाच्याच्या सात वर्षांच्या मुलीने आपली बाहुली केव्हाच आत नेऊन ठेवली होती. पण भाचा बॅटरी घेऊन टायरांच्या बगलेवरील अक्षरे वाचू लागला. तेथील शेवटचे चार आकडे टायरच्या जन्माचे असतात. आकडे निघाले २३१६, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर फारसे न धावताही उभ्या उभ्या म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनंतर त्यांचा भरवसा धरू नये असे मानतात. बगलेला केसासारखी चीरही होतीच.

"मामा, उद्याचे निघणे रद्द," तो म्हणाला. पोरीने आकांत केला. आमच्या सौभाग्यवतींनीही, हळूहळू गेलो तर चालणार नाही का, असे विचारून पाहिले. तो सौम्यपणे म्हणाला, "मामी, भरधाव रस्त्यावर एक टायर फुटला, तर ट्रेलर गाडीलाही ओढून नेतो. त्या गाडीत तुम्ही सगळी असाल." त्यावर कोणी बोलले नाही. चारही टायर नवे आले आणि आम्ही एक दिवस उशिरा निघालो. सामान भरतानाही एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढे, जोडाच्या आकड्यावर पडेल अशी मांडणी त्याने केली. तो कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो. ऐंशी किलोमीटरनंतर थांबून चाकांच्या नटांचा आवळ त्याने पुन्हा तपासला.

मिशिगन सरोवर प्रथम पाहताना ते सरोवर वाटतच नाही. पैलतीर दिसत नाही, लाटा फुटत असतात. मात्र वाऱ्याला खारा वास नाही. काठावर वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांतली माउंट बाल्डी वाऱ्यासरशी हळूहळू आत सरकत चालली आहे आणि वाटेतील झाडे पोटात घेते आहे. निरभ्र संध्याकाळी पाण्यापलीकडे शिकागोच्या गगनचुंबी इमारती काडीएवढ्या दिसल्या. रात्री ट्रेलरच्या इवल्या शेगडीवर सौभाग्यवतींनी पिठले केले. पाऊस आला, छपरावर तो वाजत राहिला, आत थेंब आला नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले त्या देशात आहेत. त्यांच्यासमवेत अशा घरातून निघण्याचा योग आला, तर निघण्यापूर्वी टायरचे चार आकडे, छपराचे सांधे आणि गॅसची घंटा एवढे तरी आवर्जून पाहावे. दिवस लांबला तरी लांबू द्यावा. वाळूच्या टेकड्या तोवर फार दूर सरकत नाहीत.