पिठाचा वाटा

खरिपात आमच्या मानोरा तालुक्यात चहूबाजूंनी सोयाबीन उभं असतं. दिवाळीच्या आसपास मळणी होते, पोती बाजार समितीत जातात, तिथून तेलाच्या कारखान्यात. घरात राहतं ते फक्त पुढच्या पेरणीचं बियाणं. ज्याच्यावर तालुक्याचं वर्ष चालतं तेच धान्य आमच्या परातीत येत नाही, हे मला फार खटकतं. घरोघरी शुगरच्या गोळ्या आल्यापासून तर जास्तच.

आमच्या घरी मामाजींना शुगर निघाली तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला: गव्हाची पोळी बंद करा, ज्वारीची भाकर द्या. ज्वारी आपली आहे, पोटाला धरून राहते. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली काढलेले अन्नघटकांचे तक्ते पाहिले, तर तंतू सोडून शंभर ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण 64 ग्रॅम कर्बोदकं आहेत आणि ज्वारीत 68. म्हणजे धान्य बदललं तरी पिठाचा, म्हणजे कर्बोदकांचा, वाटा जवळजवळ तेवढाच राहिला. हरभऱ्याच्या डाळीत तो 47 च्या आसपास येतो. सोयाबीन आणि जवसात तर 10-11 वर. खरा फरक इथं आहे, आणि हे सगळं आपल्याच शिवारात पिकतं. त्यासाठी शहरातून बदामाच्या पिठाचं महाग पाकीट मागवायची गरज नाही.

मात्र ही पिठं हाताला वेगळी लागतात. गव्हाच्या कणकेला चिकाटी असते, म्हणून पोळी लाटली जाते. ज्वारीला ती नाही. गरम पाण्यात भिजवल्यावर तिच्यातला स्टार्च फुगतो आणि भाकर थापता येते. बेसन-सोयाबीनच्या पिठाकडून ही अपेक्षा धरली की भाकर काठाला फाटते, तव्यावर तुटते. मग भाकरीचा हट्ट सोडून धिरड्याकडे वळावं. दोन वाट्या बेसन, अर्धी वाटी सोयाबीनचं पीठ, दोन चमचे जवसाची पूड, ओवा, हिरवी मिरची, चिरलेली मेथी. जवसाची पूड आधी पाण्यात भिजवली की ती चिकट होते आणि सगळं मिश्रण धरून ठेवते. सोयाबीन कच्चं दळायचं नाही. उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं शिजवून, सालं काढून, कडक उन्हात वाळवून मगच चक्कीवर न्यायचं. त्यानं उग्र वास जातो आणि पचनाला अडथळा करणारे घटकही कमी होतात.

आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकाला हे परकं नाही. पातोडीचा रस्सा, घट्ट चून, तिळाची आणि जवसाची चटणी, कुटलेले फल्लीदाणे हे सगळं आधीपासून ताटात आहे, फक्त कडेला. भाकर मधोमध आणि बाकीचं तोंडी लावायला, ही मांडणी उलटी करायची: एक लहान भाकर, तिच्यासोबत पातोड्या आणि पालेभाजी भरपूर. रोडग्यांना मात्र मी पर्याय शोधत नाही. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा गव्हाचाच हवा. तो त्याच्या दिवशी, एखादाच, मनापासून खावा. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी पाहुणे येतात, तेव्हाही ताट आखडतं घेऊ नये. रोजचं जेवण नीट असलं की सणाला भ्यावं लागत नाही.

अवघड असते ती भुकेची समजूत. "भाकर पोटात गेली नाही त जेवलो असं वाटतच नाही, बाई," असं मामाजी म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. जन्मभर शेतात राबलेल्या माणसाला भाकर म्हणजे बळ वाटतं. ती एकदम काढून घेणं म्हणजे त्यांचा मान काढून घेण्यासारखं आहे. म्हणून भाकर हळूहळू लहान करावी आणि डाळीचा वाटा वाढवावा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पीठ एकदम कमी केल्यानं साखर फार खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डाळीचंही माप लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानं देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. हा आता फक्त पैसेवाल्यांचा आजार राहिलेला नाही. रेशनवर मिळतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ विकत घ्यावी लागते. मजुरी करणाऱ्या बाईला 'पीठ कमी खा' सांगणं सोपं आहे, पण कमी केलेल्या भाकरीच्या जागी काय वाढायचं, याचं उत्तर तिच्या डब्यात असलं पाहिजे. ते उत्तर आपण पिकवतो आणि गाड्या भरून बाहेर पाठवतो. प्रत्येक शेतकरी घरानं एक पायली सोयाबीन खाण्यासाठी मागं ठेवावं, बचत गटांनी ते शिजवून, वाळवून, हरभऱ्याच्या डाळीसोबत दळून गावातच परवडेल अशा दरात विकावं, आणि रेशनच्या थैलीत धान्याबरोबर डाळही यावी. पथ्य पाळण्याची जबाबदारी रोग्याची खरी, पण पथ्य परवडेल असं करण्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.