टोपीचा पांढरा

दिल्लीतल्या मराठी घरांचे जुने फोटो अल्बममध्ये बसवायला माझ्याकडे येतात ते बिस्किटांच्या डब्यातून, नाहीतर शालूच्या खोक्यातून. आणि त्यात काला अंबचा एखादा फोटो निघाला नाही असं सहसा होत नाही. साठ-सत्तरच्या दशकात केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इथं आलेल्या मंडळींकडे देशावरून, कोकणातून पाहुणे यायचे. त्यांना कुरुक्षेत्र घडवायचं असायचं आणि त्या वाटेवर, जीटी रोडला नव्वदेक किलोमीटरवर, पानिपत लागतंच. मराठी माणूस तिथं न उतरता पुढं जाणं शक्य नव्हतं. शहराबाहेर शेतांत एक आंब्याचं झाड होतं, १७६१च्या लढाईत सांडलेल्या रक्तानं ते काळवंडलं अशी तिथली आख्यायिका, म्हणून काला अंब. झाड केव्हाच वठलं. त्या जागी विटांचा खांब आहे, भोवती लोखंडी कुंपण. खांबापुढं हात जोडायचे, एक फोटो काढायचा, परतताना पचरंगा लोणचं आणि ब्लँकेट घ्यायचं. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी ही नावं लहानपणापासून कानांवर पडलेली असल्यामुळे त्या फोटोत कुणीही हसत नाही. सहलीच्या फोटोंच्या ढिगातून काला अंबचा फोटो मी नुसत्या चेहऱ्यांवरून वेगळा काढू शकते.

हे फोटो बहुतेक अॅग्फाच्या क्लिक थ्रीनं काढलेले. एका रोलवर बारा, सहा सेंटिमीटरचा चौकोन, आणि स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढ्याच मापाचा छापलेला. म्हणजे अख्खं कुटुंब, खांब, कुंपण आणि आभाळ सव्वादोन-अडीच इंचांत. त्यात भेट संक्रांतीच्या सुमाराची असेल तर हरियाणाचं धुकं. ऊन नाही म्हणून सावली नाही, सावली नाही म्हणून काळाही नाही, सगळं करड्यात. खांबाच्या विटा लाल, मागं जानेवारीतला गहू हिरवागार, पण फिल्मवर दोघांचा करडा जवळजवळ एकच उतरतो. प्रत्यक्षात नजरेला इतका वेगळा दिसणारा खांब फोटोत शेतातच विरून गेलेला असतो.

सध्या माझ्या टेबलावर आहे त्या फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत ‘काला अंब, जाने. ६६’ असं लिहिलंय. कुंपणाशी चार बायका, त्यातल्या दोघी नऊवारीत. एक मुलगा कानटोपीत. कडेला कोट आणि गांधी टोपी घातलेले गृहस्थ, बहुधा गावाकडून आलेले थोरले काका. तिघी कॅमेऱ्याकडे बघताहेत. चौथीनं कुंपणाचा गज धरलाय आणि तिचं तोंड खांबाकडे आहे. कपाळाचं कुंकू एका बाजूनं दिसतं, शाईचा थेंब पडावा तसं काळं. खांबाचं टोक धुक्यात गेलंय. पांढरी किनार पिवळटलीय, कातरलेल्या कडांचे दोन दाते झिजलेत, आणि तिरपा धरला तर कोटाच्या काळ्या भागावर निळसर चांदी वर आलेली दिसते. दिल्लीच्या घरांतले फोटो असेच होतात. मे-जूनच्या लूमध्ये कागद वाळून वळतो, त्याच खोलीत कूलर पाण्याची वाफ भरत असतो, आणि जुलैत पाऊस.

या चौकोनात खरा पांढरा असा एकच ठिपका आहे, काकांची टोपी. आणि माझं सगळं आयुष्य या टोपीशी पानाचा कागद जुळवण्यात गेलंय.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कृष्णधवल फोटोला रंग नसतो असं लोक समजतात आणि त्याला कुठलंही पान चालेल असं धरून चालतात. रंगीत फोटो आपला आपण उभा राहतो, त्याला पानाचं फारसं देणंघेणं नसतं. कृष्णधवल फोटो मात्र शेजारच्या कागदावर जगतो. शुभ्र पानावर ठेवला की त्याचे पांढरे मळके दिसतात आणि सगळा फोटो एक पायरी खाली बसतो, काकांची टोपी न धुतलेली वाटते. जुन्या अल्बमसारख्या काळ्या पानावर ठेवला तर टोपी झळकते, पण मग धुक्यातला फोटो आणखीच फिका होतो, कारण पानाइतका काळा त्याच्यात कुठंच नसतो. त्या बाईचं कुंकूसुद्धा करडं पडतं. म्हणून माझा नियम असा, की पानाचा पांढरा टोपीपेक्षा उजळ असता कामा नये, आणि टोपीपेक्षा पिवळाही नको. फोटो आणि पान यांच्यामध्ये मी आणखी एका कागदाची पट्टी ठेवते, दोन मिलिमीटरची. कधी राखाडी, कधी कच्च्या सुताच्या रंगाची. या दोन मिलिमीटरसाठी मी चावडी बाजारच्या कागदवाल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावलेत. सांगानेरच्या कागझींचा सुती कागद, पुण्याच्या हातकागद संस्थेचा, गिरणीतला. प्रत्येकाचा पांढरा निराळा, आणि एकाच घराण्याच्या दोन खेपांचाही निराळा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला कागद घरी खिडकीत आणला की परका वाटतो. चकचकीत कागदात उजळपणासाठी जी द्रव्यं घालतात ती दिवसाच्या उजेडात निळसर पेटतात. असा कागद मी जुन्या फोटोजवळ फिरकू देत नाही.

हल्ली या कामाची कुणाला गरज वाटत नाही. फोटो स्कॅन करायचे, एक बटण दाबून सगळ्यांना सारखा बदामी रंग द्यायचा, गुळगुळीत कागदावर पुस्तक छापायचं, आणि मूळ फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत करायचे. असं करणारा एकजण माझ्या घरापासून फार लांब नाही आणि त्याच्याकडे माझ्यापेक्षा कितीतरी जास्त लोक जातात. पुस्तक सुबक असतं. पण पाठीवरचं ‘जाने. ६६’ कुठं गेलं? मी फोटो कोपऱ्यांवर बसवते ते पाठ वाचता यावी म्हणून. आजोबांचं अक्षर हाही फोटोच आहे. तरी यातून निदान मूळ फोटो वाचतो. ऐंशीच्या दशकात प्रत्येक लग्नात भेट म्हणून आलेल्या त्या चिकट पानांच्या, वर प्लास्टिक ओढायच्या अल्बमांनी जेवढे फोटो खाल्ले तेवढे वाळवीनंही खाल्ले नसतील. त्यातून फोटो सोडवायला मी अजून दात साफ करायचा दोरा वापरते, करवतीसारखा, एक कोपरा सुटायला कधी अर्धा तास लागतो.

आणि आता रंग भरणारे आलेत. संगणक एका मिनिटात नऊवारी जांभळी करतो, कुंकू लाल करतो, शेत हिरवं करतो. ती साडी जांभळी होती हे त्याला कुणी सांगितलं? पूर्वी स्टुडिओतले चित्रकार फोटोवर हातानं रंग चढवायचे, तेव्हा ते घरच्या माणसांना रंग विचारून घ्यायचे, आणि तो रंग भरलेला आहे हे कुणीही ओळखायचं. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं आजीचा फोटो असा रंगवून आणला होता. आजी हयात आहेत. त्यांनी फोटो हातात घेतला, म्हणाल्या, ‘‘ही कोण?’’

असे ठामपणे बोलण्याचे माझे दिवस गेल्या वर्षापर्यंत होते. मग डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, आणि घरी आल्यावर मी पहिल्यांदा कपाटातला कागद बाहेर काढला. डाव्या डोळ्यानं पाहिला तर निळसर. उजव्या डोळ्यानं पाहिला तर तोच माझा ओळखीचा, मऊ, दुधावरच्या सायीचा पांढरा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवतं, हे मला वाचून माहीत होतं. पण टोपी आणि कागद शेजारी ठेवून एकेक डोळा झाकायचा, आणि एका डोळ्याला दोन्ही सारखे दिसावेत, दुसऱ्याला कागद टोपीच्या वर चढलेला दिसावा, हे वाचून कळत नाही. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३मध्ये झालं, त्यालाही रंग निळे दिसू लागले, रंगीत काचांचे चष्मे करून घ्यावे लागले. आणि दुसऱ्या डोळ्याला त्यानं हात लावू दिला नाही. त्यानं नकार का दिला असेल हे मला आता चांगलं कळतं.

‘‘काकूंचा पांढरा वेगळाच असतो,’’ असं लोक म्हणायचे आणि ते मला फार आवडायचं. कौतुकाची इतर वाक्यं मी विसरले, हे विसरले नाही. पान उलटता उलटता पाहुणा एका फोटोपाशी थांबतो, कशामुळे थांबलो हे त्याला उमगत नाही, आणि मी समोर बसून गप्प राहते. या गप्प राहण्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. तो पांढरा माझ्या नजरेचा होता की माझ्या भिंगाचा, हा प्रश्न तेवढा नवीन आहे.

यावर माझी शिष्या काय म्हणते ते सांगायला हवं. ती कर्नालच्या बाजूची, स्वतःला पानिपतानंतर मागं राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानणाऱ्या रोड समाजातली. पंचविशीची. मराठी येत नाही, मला आंटी म्हणते, आणि तिच्या घरचा काला अंब पाहुण्यांना दाखवायचा नाही. १४ जानेवारीला तिथं जमायचं ते आपल्या माणसांसाठी. ऑपरेशनच्या आधीच ती एकदा म्हणाली होती, ‘‘आंटी, यह काग़ज़ थोड़ा ठंडा है.’’ मी तो विषय तिथंच संपवला होता. आता ती काही म्हणत नाही. कागद निवडायची वेळ आली की दोन नमुने माझ्यासमोर ठेवते आणि वाट बघते.

माझं म्हणणं असं, की हे अल्बम उघडतं कोण? सत्तरी-ऐंशीतली माणसं. फोटोतल्या त्या कानटोपीतल्या मुलाचीसुद्धा आता सत्तरीकडे वाटचाल असणार. त्यांचे डोळे माझ्या उजव्या डोळ्यासारखेच. त्यांना टोपी आणि पान एकजीव दिसत असेल तर माझं काम चोख आहे. ती म्हणते, त्यांच्यामागून बघणारी नातवंडं? त्यांना पान टोपीच्या पुढं आलेलंच दिसणार. यावर माझ्याकडे उत्तर आहे, की नातवंडंही म्हातारी होतील. पण ते उत्तर मला रात्री पुरत नाही.

दुसरा वाद तिच्या स्वतःच्या अल्बमच्या पानांचा. गेल्या १४ जानेवारीच्या शौर्यदिनाचे तिचे मोबाइलवरचे फोटो: भगवे फेटे, झेंडे, झेंडूच्या माळा, तिचे वडील खांबापुढं. ते सगळे तिनं कृष्णधवल करून आणले. मी विचारलं का, तर म्हणाली, रंगात जत्रा दिसते. हे मला पटलं नाही. भगवा कृष्णधवलात फिकट करडा होतो. वडिलांचा फेटा आणि मागचं धुकं एकच झालं होतं. ज्या काकांनी १९६६मध्ये क्लिक थ्रीपुढं टोपी घातली त्यांच्याकडे दुसरी फिल्म नव्हती, त्यांचा करडा हा त्या दिवसाचा करडा आहे. तिच्याकडे रंग होता आणि तिनं तो काढून टाकला. जुनेपणा असा अंगात येत नसतो. मी तिला तेच फोटो रंगात छापून आणायला लावले आणि एक गोष्ट दाखवली: रंगात फेट्यावर पडलेलं दव दिसतं. तिनं चार फोटो रंगात ठेवले. पाचवा, वडिलांचा एकट्याचा, तिनं हट्टानं करडाच ठेवला. खरं सांगायचं तर त्या फोटोत वडील कुंपणाचा गज धरून उभे आहेत आणि त्यांचं तोंड खांबाकडे आहे. मी पुढं वाद घातला नाही.

तो फोटो तिला ‘जाने. ६६’च्या समोरच्या पानावर हवाय, अर्थात स्वतःच्या अल्बममध्ये. दोन्ही घरांची परवानगी तिनं घेतली आहे. मी एका उघड्या जोडपानावर दोन काळांचे फोटो कधी ठेवत नाही. मध्ये एक कोरं पान सोडते, म्हणजे नजरेला उसंत मिळते. पण इथं कोरं पान सोडलं तर ती बाई आणि हे वडील एकमेकांसमोर येत नाहीत. आता खरी अडचण सुरू झाली. आजचा प्रिंटरवर छापलेला करडा जरासा निळा आहे, साठच्या दशकातल्या चांदीचा करडा उबदार. दोघांखाली एकच कागद चालत नाही. वेगळे कागद घेतले तर समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही पान सांगानेरच्या सुती कागदाचं ठेवलं आणि दोन मिलिमीटरची पट्टी बदलत बसलो. वडिलांच्या फोटोभोवती राखाडी, त्या बाईच्या फोटोभोवती कच्च्या सुताची, मग उलट. उलट केल्यावर डाव्या डोळ्याला बरं वाटलं. उजव्याला पहिलंच बरं होतं. ती म्हणाली उलटं बरोबर आहे.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी दिवाळीनंतरची दिली होती. मी ती संक्रांतीनंतर मागून घेतली आहे. ‘जाने. ६६’वाल्या घराच्या अल्बमची निम्मी पानं अजून व्हायची आहेत, आणि ती मला याच डोळ्यानं पुरी करायची आहेत. शिष्येच्या अल्बमचा कागद ती निवडेल.