दोरीची दोन टोके

कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. मधून नदी वाहते, पूल दोन्ही गावांना जोडतो आणि दोहोंची नगरपालिकाही एकच आहे. या भागात घराच्या राखणीला कुत्रा असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पूर्वी तो दिवसभर मोकळा हिंडे, उरलेसुरले खाई आणि रात्री पडवीत पडून राही. आता रस्त्यांवरून मोटारी आणि मालाच्या गाड्या सारख्या धावत असतात. मोकळा कुत्रा एखादे वेळी गाडीखाली सापडतो, वाटसरूच्या अंगावर धावून जातो, किंवा एखादा पिसाळलेला कुत्रा त्याला चावतो. म्हणून ज्याला कुत्रा पाळायचा आहे, त्याला गळ्यातला पट्टा आणि हातातली दोरी यांचा विचार करावाच लागतो.

समजा, अष्टमीतल्या एखाद्या घरी दोन महिन्यांचे पिलू आले. त्याचे नाव ठेवले मोत्या. घरातल्या मुलाला मोठी घाई. आजच पट्टा बांधावा, दोरी लावावी आणि ऐटीत मोत्याला पुलापर्यंत फिरवून आणावे, असे त्याला वाटते. परंतु मोत्याच्या दृष्टीने पट्टा म्हणजे गळ्याला बसलेली एक अनोळखी मिठी असते. तो मागच्या पायाने मान खाजवतो, अंगणात गडबडा लोळतो, केविलवाणा ओरडतो. अशा वेळी त्याला ओढू लागले, तर पट्टा म्हणजे संकट, एवढाच पहिला धडा तो शिकतो, आणि तो पुसून टाकायला पुढे फार दिवस लागतात.

म्हणून सुरुवातीला नुसता पट्टा बांधावा. तो मऊ आणि हलका असावा. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. पिलू भराभर वाढते, पण पट्टा वाढत नाही; तेव्हा दर आठवड्याला ही दोन बोटे घालून पाहावी. मोत्या खाण्यात किंवा खेळण्यात गुंतलेला असताना थोडा वेळ पट्टा बांधावा आणि पुन्हा सोडावा. दोनचार दिवसांत त्याला पट्ट्याचा विसर पडतो. मग पट्ट्याला एक हलकी दोरी अडकवून ती अंगणात त्याच्यामागून तशीच फरफटू द्यावी. मात्र ती कोठे गुंतू नये म्हणून जवळ उभे राहावे. पशुवैद्याकडून लसी टोचून घेईपर्यंत शाळा अंगणातच भरवावी. पिसाळी रोगाची लस तर कधीही चुकवू नये. एकदा त्या रोगाची लक्षणे दिसू लागली, की कुत्रा काय आणि माणूस काय, बहुधा कोणीही वाचत नाही.

यानंतर दोरीचे दुसरे टोक हातात घ्यायचे. येथे खरी परीक्षा सुरू होते. आणि ती मोत्यापेक्षा मुलाचीच अधिक असते. मोत्याला मांजर दिसते आणि तो त्या बाजूला ओढ घेतो. मुलाचा हात आपोआप मागे जातो आणि तो हिसका देतो. परंतु हिसक्याने कुत्र्याच्या नरड्याला इजा होऊ शकते. शिवाय आपण ओढले की तोही उलट अधिक जोराने ओढतो. यावर उपाय साधा आहे. मोत्याने ओढ घेतली की मुलाने जागच्या जागी झाडासारखे उभे राहावे. ओरडू नये, ओढू नये, पाऊलही उचलू नये. काही वेळाने मोत्या वळून पाहतो, दोरी सैल पडते. त्याच क्षणी त्याला शाबासकी द्यावी, भाकरीचा एक तुकडा द्यावा आणि पुढे चालू लागावे. ताणली की थांबायचे आणि सैल झाली की चालायचे, हा दोरीचा नियम मोत्याला कोणी बोलून सांगत नाही. तो त्याला स्वतःच उमगतो.

शाबासकी मात्र तत्काळ हवी. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १९०४ साली पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या प्रयोगांत एक गोष्ट दिसून आली, ती अशी : अन्न देण्यापूर्वी दर वेळी एकच खूण केली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. लागोपाठ घडणाऱ्या दोन गोष्टी कुत्रा मनात एकत्र बांधतो. म्हणून भाकरीचा तुकडा उशिरा दिला, तर तो कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. शब्दांचेही तसेच. मुलगा म्हणतो ‘बस’, बहीण म्हणते ‘खाली’, आणि आजी म्हणते ‘गप राहा रे’. मग मोत्याने ऐकावे तरी कोणाचे? घरातल्या सर्वांनी एकच शब्द ठरवावा. ‘ये’ म्हणून जवळ बोलावून रागे तर कधीच भरू नये. तसे एकदा केले, की तो हाकेला येण्याचे सोडून देतो. धडा रोज दहा मिनिटांचा असला तरी पुरे; पण तो रोज व्हावा.

अशा शिक्षणाचे सामर्थ्य मुंबईने पाहिले आहे. १२ मार्च १९९३ रोजी त्या शहरात बाँबस्फोटांची मालिका घडली. त्यानंतर शोध घेताना पोलिसांच्या पथकातील एका लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, तसेच कित्येक हातबाँब शोधून दिले आणि अनेकांचे प्राण वाचवले. २००० साली तो मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याचे नाव होते झंजीर, म्हणजे साखळी! स्फोटकाजवळ एखादे पाऊल चुकीचे पडले तर अनर्थ व्हायचा. तेथे कुत्रा माणसाच्या इशाऱ्यावर विसंबतो आणि माणूस कुत्र्याच्या नाकावर. असा विश्वास धाकाने निर्माण होत नाही.

पट्टा हे शिकवण्याचे साधन आहे. ती दिवसभराची कैद होऊ नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० साली झाला. जनावराला फार आखूड किंवा फार जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, हाही गुन्हाच आहे. खांबाला जखडलेला कुत्रा चिडखोर होतो, आणि मग ‘हा चावरा आहे’ असे म्हणून लोक त्यालाच दोष देतात.

कुत्र्याच्या गळ्यात दोरीचे एक टोक असते, तर दुसरे माणसाच्या हाती. पहिल्या टोकाला संयम शिकवायचा, तर तो आधी दुसऱ्या टोकाला यावा लागतो. काही महिन्यांनी तो मुलगा आणि मोत्या पुलावरून चालत जातात. शेजारून मोठी गाडी धडधडत निघून जाते. मोत्या क्षणभर थबकतो, मान वर करून मुलाकडे पाहतो आणि पुन्हा चालू लागतो. दोघांमधली दोरी तेव्हा सैलच असते.