कुंडी भंडाऱ्याचा धडा

प्रत्येक माणसास एखादी निरुपद्रवी हौस असावी, असे आमचे मत आहे. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी गुलाबाची कलमे करतो. आम्ही संकेतस्थळे रचतो. दिवसा यंत्रमागाच्या कापडाचे हिशेब लिहावयाचे आणि रात्री जेवणे आटोपली की संगणकासमोर बसून ओळीला ओळ जोडीत एखादे पान उभे करावयाचे, हा आमचा क्रम बुऱ्हाणपुरात वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. यातून आम्हांस एक पैसाही मिळालेला नाही. "अहो, पण हे सारे कोणासाठी?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून अधूनमधून येतो. त्याचे उत्तर आम्हांस फार उशिरा सापडले.

आमच्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत असत. २००१ साली तिला समोर बसवून आम्ही त्यांतल्या बेचाळीस संगणकावर उतरवून घेतल्या. त्या काळी मराठी लिहावयाची रीत मोठी गमतीची होती. यंत्राला इंग्रजी अक्षरेच ठाऊक. त्या अक्षरांवर फॉन्ट नावाचा देवनागरी अंगरखा चढवावयाचा, की डोळ्यांना मराठी दिसे. अंगरखा उतरला की खाली उरे तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा. आम्हांस याची कल्पना होती, परंतु पर्वा नव्हती. एका कंपनीने फुकट देऊ केलेल्या जागेवर आम्ही ते पान मांडले आणि गावभर मिरविले.

पुढे त्या कंपनीने आपले दुकान आवरले आणि पान गेले. आई त्याआधीच गेली होती. कपाटातली तबकडी काढून पाहिली, तो फॉन्ट कोठेच मिळेना. काही भाग तर यंत्राला वाचताच येईना. ज्या जिल्ह्यातील नेपानगरचा वृत्तपत्री कागदाचा कारखाना १९५६ साली राष्ट्राला अर्पण झाला, तेथील रहिवाशाने कागदावर थोडा अधिक विश्वास ठेवावयास हवा होता. सुदैवाने आईने देवघरात जपून ठेवलेला एक छापील कागद सापडला. त्यावर बारा ओव्या होत्या. त्या बारांशी कचऱ्यातली अक्षरे ताडून पाहत आम्ही एक कोष्टक बनविले आणि त्यावरून एक छोटी आज्ञावली लिहिली. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहिला जाई, नव्या युनिकोडमध्ये तो उच्चाराप्रमाणे नंतर येतो; या एका वेलांटीने आमच्या तीन रात्री खाल्ल्या. अखेर पस्तीस ओव्या परत आल्या. सात गेल्या.

त्या दिवसांत एका पाहुण्याला आम्ही कुंडी भंडारा दाखविण्यास नेले. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल शहरात आणण्यासाठी ही योजना झाली. एकामागून एक खोदलेल्या विहिरी, म्हणजे कुंड्या, जमिनीखालून बोगद्याने जोडलेल्या आणि बोगद्याला अगदी बेताचा उतार. पंप नाही, इंजिन नाही, पाणी आपल्या वजनाने वाहते. परंतु आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. प्रत्येक कुंडीला वर तोंड आहे. आत डोकावता येते, उतरून गाळ काढता येतो. बांधणाऱ्याने पुढच्या पिढीच्या हाताला जागा ठेवली. अशा आठ योजनांचा माग येथे लागला आहे. त्यांपैकी दोन फार पूर्वीच नष्ट झाल्या. हाताला जागा असली, तरी हात लावणारा लागतोच.

आमच्या ओव्या का बुडाल्या, ते तेथे आम्हांस उमगले. आम्ही तोंड नसलेली विहीर खोदली होती, आणि तीही परक्याच्या अंगणात. यंत्रविद्येला दोष देण्यात अर्थ नाही. १९९१च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरीला स्वतःचे आसन मिळाले होते. १९९३च्या ३० एप्रिलला जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने जागतिक जाळ्याची आज्ञावली निःशुल्क साऱ्या जगाला खुली केली. कुंड्या खणून तयार होत्या. आम्हीच फुकटाच्या आणि झटपटीच्या मागे लागलो. आज आमच्या बाजारपेठेतले व्यापारी, भजनी मंडळे, लेखक सारे आपला संसार दोन-चार कंपन्यांच्या ओसरीवर मांडून बसले आहेत. ओसरी सोयीची आहे, यात वाद नाही; परंतु ती आपली नाही. कोकणी वाचकांना तर हे अधिक पटेल. देवनागरी, रोमी, कन्नड अशा अनेक लिप्यांतून नांदणाऱ्या भाषेचे कागद एखाद्या विस्मृत फॉन्टमध्ये अडकले, तर ते सोडविण्यास कोण येणार?

ओव्यांचे नवे पान आम्ही साध्या हाताने, उघड्या पद्धतीने रचले. त्याच्या प्रती तीन घरी ठेवल्या आणि एक कागदावर छापली. ते सारे पान मोबाईलवरच्या एका छायाचित्राच्या शंभराव्या हिश्शाइतकीही जागा घेत नाही. कमजोर जोडणीवरसुद्धा क्षणात उघडते. हरवलेल्या सात ओव्यांच्या जागी सात रिकाम्या चौकटी ठेवल्या.

गेल्या दिवाळीत रावेरला आमच्या मावशीच्या नातवाने ते पान आपल्या फोनवर तिला वाचून दाखविले. पहिली रिकामी चौकट आली तसा तो थांबला. मावशी म्हणाली, "अरे, थांबलास का? पुढची मला येते ना!" आणि तिने ती म्हटली. त्या दुपारी तीन ओव्या घरी आल्या.

चार चौकटी अजून रिकाम्या आहेत. घरातून तो जुना प्रश्न आता येत नाही. उलट मावशीचा फोन आला की सौभाग्यवती कागद-पेन्सिल घेऊन आधी धावते.